कॉलरवरच्या खुणा

कडकबाईला कडकबाई हे नाव कशामुळे पडलं, यावर दोन आळ्यांत वाद होता. खालच्या आळीचं म्हणणं, ते तिच्या हातच्या खळीमुळे पडलं. तिने खळ दिलेला शर्ट भिंतीला टेकवला तर आपला आपण उभा राहतो. वरच्या आळीचं म्हणणं, खळीचा काही संबंध नाही, ते तिच्या जिभेमुळे पडलं. या दोन आळ्यांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा याही गोष्टीवर झालं नाही.

मधून एक कालवा होता आणि कालव्यावर पूल. खालच्या आळीतली माणसं धक्क्यावर माल चढवायची, उतरवायची, होड्या दुरुस्त करायची. वरच्या आळीतली वीटभट्टीवर, शाळेत, कचेरीत जायची. खालचे वरच्यांना ‘धुरळे’ म्हणायचे आणि वरचे खालच्यांना ‘ओले’. धुरळ्यांत आणि ओल्यांत विस्तव जात नसे. कारण विचाराल तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं असतं, आणि दोघांचंही खोटं निघालं असतं.

कडकबाईची लाँड्री पुलाच्या खालच्या टोकाला. जाड दगडी भिंतींची एक लांबट खोली, पुढे इस्त्रीचं टेबल, भिंतीला छतापर्यंत लाकडी फळ्या, मागे अंगणात वाळत घालायच्या दोऱ्या आणि सिमेंटचे दोन हौद. एकाच्या काठावर निळा पट्टा रंगवलेला, दुसऱ्याच्या लाल. निळ्यात खालच्या आळीची धुणी, लालमध्ये वरच्या आळीची. वरच्यांनी धुणं टाकायच्या आधी ही अटच घातली होती. त्यांच्या शर्टांना मासळीचा वास लागता कामा नये. ही अट सगळ्यात ठणकावून घातली ती घंटामावशीने. ती वरच्या आळीतल्या शाळेत शिपाई होती, घंटा तीच द्यायची, म्हणून ती सगळ्यांची घंटामावशी. तिचा एकुलता एक मुलगा धक्क्यावर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसायचा. “माझ्या पोराला चार माणसांत वावरावं लागतं. त्याचे शर्ट वेगळे धुवायचे हो,” असं ती दर वेळी सांगून जायची.

आता खरं सांगायचं तर हौद दोन होते, पण पाणी दोन हौदांपुरतं कधी नव्हतं. पहिलं एक वर्ष कडकबाईने इमानाने दोन्ही भरले. मग एका उन्हाळ्यात सगळं निळ्या हौदात गेलं आणि तेव्हापासून तिथेच जात राहिलं. वीस वर्षं दोन्ही आळ्या एकाच पाण्यात आंघोळ करत होत्या आणि पुलावर भेटल्या की तोंड फिरवत होत्या. कडकबाई मूग गिळून गप्प होती. पोटाचा प्रश्न होता.

धुण्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून होत्या खुणा. प्रत्येक घराची एक खूण, पक्क्या शाईने कॉलरच्या आतल्या बाजूला काढलेली. कुणाची फुली, कुणाचे दोन कोन, कुणाचं वर्तुळात टिंब. घंटामावशीच्या घराची तीन उभ्या रेघा आणि खाली एक टिंब. दीडेकशे घरांच्या खुणा कडकबाईच्या डोक्यात होत्या, कागदावर एकही नाही. “माणूस खोटं बोलेल, खूण बोलत नाही,” हे तिचं ठरलेलं वाक्य. फक्त तिच्या स्वतःच्या घरच्या कपड्यांना खूण नव्हती. घरचं ते घरचं, ते कुठे हरवणार आहे, असं तिला वाटायचं.

तिचा नवरा इस्त्री करायचा आणि गठ्ठे बांधायचा. त्याला दोन्ही आळ्या ‘जावईबापू’ म्हणायच्या, कारण तो जेव्हा बघावं तेव्हा सासुरवाडीला निघाल्यासारखा नटलेला असायचा. परीटघडीचा शर्ट, बाह्या नीट दुमडलेल्या, केस चापून बसवलेले. शर्ट अर्थातच गिऱ्हाइकाचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. संध्याकाळी एखादा चांगला शर्ट निवडायचा, धक्क्यावर एक फेरी मारायची, चार लोकांशी बोलायचं आणि परत येऊन शर्टाची पुन्हा घडी घालून ठेवायची. कडकबाई कडाडायची, तर तो म्हणायचा, “अगं, शर्टालाही जरा हवा लागायला हवी.” मग त्याने एक युक्ती काढली. गठ्ठ्यातून शर्ट काढला की त्या जागी स्वतःचा जुना शर्ट घडी करून सरकवायचा. गठ्ठ्याची जाडी तेवढीच, नग तेवढेच, बायकोला पत्ता नाही. निदान त्याला तसं वाटायचं. तिला सगळं माहीत होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर एवढं माहीत असतंच, आणि एवढं सोडूनही द्यावं लागतं.

वादळ येणार हे दोन दिवस सांगत होते. दरवर्षीच सांगायचे. त्या दुपारी वारा वाढला तशी कडकबाई मागच्या अंगणात दोऱ्यांवरचे कपडे ओढून काढत होती. पुढून त्याची हाक आली, “जरा लाटा बघून येतो गं!” ती म्हणाली, “लाटा काय पळून चालल्यात का?” त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तिचे दोन्ही हात चादरींत अडकले होते, तिने वळूनही पाहिलं नाही. सकाळी त्याच्या अंगावर तपकिरी पट्ट्यांचा त्याचा स्वतःचा शर्ट होता. तोच असेल, असं ती धरून चालली.

त्यानंतरचं तिला सलग आठवत नाही. छताचे पत्रे एकेक करून गेले ते आठवतं. पाणी इस्त्रीच्या टेबलावर चढलं, तेव्हा ती सगळ्यात वरच्या फळीवर गठ्ठ्यांच्या मध्ये आडवी पडली होती, तेही आठवतं. सकाळी उतरून बाहेर आली तेव्हा खालची आळी नव्हती. पडलेली नव्हती, मोडलेली नव्हती, नव्हतीच. तिने तिथे उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि तिच्या मनात एवढंच आलं की आता धुणी कुणाची येणार.

पूलही गेला होता. वरच्या आळीतल्या लोकांनी कालव्यावर दोर बांधून फळ्या टाकल्या आणि ओल्यांना एकेक करून वर ओढून घेतलं. शाळेचे वर्ग रिकामे केले, बाकं बाहेर काढून त्यांचं सरपण केलं. पहिल्या दिवशी पाण्याचे पेले वेगळे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते कुणी वेगळे ठेवायला विसरलं, आणि नंतर ते लक्षात ठेवण्याइतकं त्राण कुणात उरलं नाही. घंटामावशी आता तासाची नाही, जेवणाची घंटा द्यायची. जावईबापू परत आले नव्हते, तसा मावशीचा मुलगाही परत आला नव्हता. तिकिटांची खिडकी, तिच्यामागची खोली आणि अर्धा धक्का एकाच लाटेत गेला, असं एका होडीवाल्याने सांगितलं होतं.

पाचव्या दिवसापासून पाणी माणसं परत द्यायला लागलं. चेहऱ्यांवरून ओळखण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं, आणि ठेवून घेणंही शक्य नव्हतं. वरच्या आळीच्या मागे एक माळ होता. तिथे आजवर खालच्यांना जिवंतपणी गुरं चारू दिली नव्हती, मेल्यावर जागा देणं तर दूरच. आता येईल त्या क्रमाने सगळ्यांना त्याच माळावर पुरायचं ठरलं, वर नंबराची फळी. मदतकामावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, कपड्यांवरून कुणी सांगू शकेल का? तेव्हा कुणीतरी कडकबाईकडे बोट दाखवलं.

तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलाशी बसवलं. बाहेर प्रत्येकाच्या शर्टाची कॉलर कापायचे, तिला नंबराची चिठ्ठी टाचायचे आणि ट्रेमध्ये ठेवून तिच्यापुढे आणायचे. ती कॉलर उलटायची, अंगठ्याने चिखल पुसायची आणि सांगायची. “वरची आळी, विहिरीजवळचं घर, थोरला.” “खालची आळी, होडीवाल्यांचा मेहुणा.” आवाज चढत नव्हता, पडत नव्हता. गिऱ्हाइकाला गठ्ठा देताना असायचा तसाच होता. दाराशी उभ्या असलेल्या बायका एकेक करून रडत आत यायच्या आणि ती पुढची कॉलर उचलायची. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तिचं जळत होतं की नाही, हे तिलाच कळत नव्हतं.

ती वाट बघत होती ती तिच्या घरच्या, बिनखुणेच्या कॉलरची. बिनखुणेच्या तीन आल्या. एक चौकड्यांची होती, एक काळी, आणि एकोणीस नंबरची राखाडी. हिचं वरचं बटण लाल दोऱ्याने लावलं होतं. राखाडीवर लाल दोरा! आपल्या हातून असं मेलं तरी व्हायचं नाही, असं तिला वाटलं. “आमचा नाही,” असं म्हणून तिने ट्रे पुढे सारला. अधिकाऱ्याने विचारलं, “बघून घ्यायचंय का एकदा?” ती म्हणाली, “कशाला? माझा दोरा नाही तो.”

मग सत्तावीस नंबरची आली. फिकट निळी, चांगल्या कापडाची. आत तीन उभ्या रेघा, खाली टिंब. कडकबाई म्हणाली, “घंटामावशीचा.”

मावशी दारातच होती. ती आत आली, तिने कॉलर हातात घेतली, नाकाशी नेली आणि कडकबाईचे दोन्ही हात धरून तिच्या तळव्यांवर कपाळ टेकलं. वरच्या आळीतल्या बाईने. “माझा पोरगा मला दिलास गं,” ती म्हणाली. कडकबाईने हात सोडवून घेतले, कारण अठ्ठावीस नंबर आला होता.

त्या दिवसापासून मावशीने तिला पोटच्या मुलीसारखं धरलं. आपल्या खोलीत निजायला जागा दिली. स्वतःची घोंगडी दिली. वाढताना आधी तिच्या ताटात, मग इतरांच्या. दोघींचं काही फार बोलणं व्हायचं नाही. मावशी रोज सकाळी माळावर सत्तावीस नंबरपाशी जाऊन बसायची. कडकबाईला बसायला जागा नव्हती. चौकड्यांचा आणि काळा, दोघांना पुढे त्यांची माणसं मिळाली, अंगठीवरून आणि पायातल्या बुटावरून. एकोणीस नंबर तेवढा राहिला. त्याला कुणीच आलं नाही. आणि त्याला ‘आमचा नाही’ म्हणणारी तर ती स्वतः होती. म्हणून ती रोज संध्याकाळी एकोणीस नंबरपाशी जाऊन बसायला लागली. दुःखाने म्हणावं तर तसंही नाही. कुणाला तरी दारातून परत पाठवलं की चुटपुट लागते, तसं काहीतरी.

विसाव्या दिवशी मावशी म्हणाली, “अगं, माझ्या पोराचा गठ्ठा तुझ्याकडे राहिला असेल बघ. वादळाच्या आदल्या दिवशी न्यायचा होता. वर्गात पोरं उघडी बसलीत, त्यांना होतील ते शर्ट. पडून काय करायचेत?”

गठ्ठा खरंच होता, सगळ्यात वरच्या फळीवर. त्या रात्री कडकबाईचं डोकं बहुधा त्याच्यावरच होतं. कागद ओला होऊन वाळला होता, सुतळी तशीच. तिने सवयीने टेबलावर ठेवून सोडला आणि नग मोजले. पाच. शेवटी मोजणाऱ्याला जे नको असतं ते नेमकं तळाशी असतं. पाचवा तपकिरी पट्ट्यांचा होता, जुना, काखेत विरलेला, कॉलरला खूण नसलेला.

ती स्टुलावर बसली. छत नसल्यामुळे वरून ऊन सरळ टेबलावर पडत होतं. तिने तपकिरी शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. हौसेला मोल नसतं म्हणतात. लाटा बघायला जायचं, तर त्यालाही चांगला शर्ट हवा. फिकट निळा. चांगल्या कापडाचा. बायको मागे चादरी ओढतेय तोवर पटकन बदलून टाकायचा. “अरे देवा,” ती मोठ्याने म्हणाली, “मी तुला मावशीला देऊन टाकला.”

रडू आलं नाही. मग तिचं डोकं हिशेबी बाईसारखं चालायला लागलं. मावशीला सांगितलं तर काय होईल? म्हातारीला रोज सकाळी जाऊन बसायला एक जागा आहे, ती जाईल. वर, नाही त्या आशेला पालवी फुटेल, पोरगा कुठेतरी जिवंत असेल म्हणून ती रोज कालव्याच्या काठी उभी राहील. न सांगितलं तर? जावईबापू आहेत तिथेच राहतील, कुणीतरी त्यांच्यापाशी रोज बसतंय, रडतंय. त्यांना आणखी काय हवं? आणि कडकबाईला मावशीची घोंगडी राहील, ताटात आधी पडणारं जेवण राहील. तपकिरी शर्ट कालव्यात टाकला की झालं. ती फळ्यांवरून कालवा ओलांडत होती तेव्हा शर्ट तिच्या हातातच होता. मधल्या फळीवर ती थांबलीदेखील. पण धुतलेला कपडा पाण्यात फेकायला हात होईना. तिने तो पुन्हा गठ्ठ्यात घातला.

मावशी शाळेच्या ओट्यावर, घंटेखाली बटाटे सोलत बसली होती. “मिळाला का गं?”

“मिळाला.” कडकबाई शेजारी बसली. गठ्ठा मांडीवर. तोंडातून शब्द फुटेना, आणि फुटला तो भलताच. “मावशी, एक सांगायचं होतं. हौद एकच होता.”

“कसला हौद?”

“धुण्याचा. तुमचे शर्ट वेगळे धुतच नव्हते. सगळं निळ्यातच जायचं. वीस वर्षं.”

मावशीने चाकू थांबवला. “हे होय! मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“अगं, लाल पट्ट्याच्या हौदात तुझी मांजर व्यायली होती. चार पिल्लं. मी गठ्ठा न्यायला आले तेव्हा डोळ्यांनी पाहिली. महिनाभर मांजर त्या हौदात, आणि तू मला म्हणतेस, आत्ताच तुमचं धुणं काढलं!”

“मग बोलला नाहीत?”

“शर्ट पांढरे निघत होते. तोंड कशाला उघडू?” मावशी हसली. वादळानंतर पहिल्यांदाच हसली असावी, कारण हसून झाल्यावर ती स्वतःच जरा गोंधळली. कडकबाईला वाटलं, आता थांबलो तर कधीच सांगणार नाही. तिने सुतळी सोडली, चार शर्ट एका बाजूला ठेवले आणि पाचवा मावशीपुढे ठेवला.

“हा कुणाचा गं? हा आमचा नाही.”

“आमच्या ह्यांचा.” कडकबाईने जावईबापूंची गठ्ठ्याची युक्ती सांगितली, सगळी, गठ्ठ्याच्या जाडीसकट. “तुमचा निळा त्यांच्या अंगावर होता, मावशी. सत्तावीस नंबर माझा आहे. तुमचा नाही. खूण खरी होती. मीच चुकले.”

मावशीने बटाटा सोलून पूर्ण केला. तो पाण्यात टाकला. दुसरा उचलला आणि परत ठेवला. “ऊठ इथून,” ती म्हणाली.

कडकबाई उठली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. जेवणाची वेळ झाली. मावशीने घंटा दिली नाही. माणसं ताटं घेऊन वर्गांच्या दारांत आली, मावशीकडे बघून तिथेच थांबली. कुणीतरी पोरांना गप्प केलं. बराच वेळ ती सगळी माणसं, धुरळे आणि ओले, रिकामी ताटं घेऊन नुसती उभी होती. मग मावशी उठली आणि कडकबाईसमोर येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकांचा आरडाओरडा ऐकायची सवय असलेल्या कडकबाईला वाटलं, ही आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मग माझा कुठे आहे?” मावशी म्हणाली. “तूच सांग. तूच दिलास, तूच काढून घेतलास. माझा कुठे आहे?”

“माहीत नाही, मावशी.”

“जिवंत असेल?”

कडकबाईने मान हलवली. खोटं बोलणं तिला जमलं असतं, पण एकदा चुकीची कॉलर देऊन झाली होती. “होडीवाल्याने पाहिलं होतं ना. खिडकी गेली तेव्हा तो आतच होता.” मग तिच्या लक्षात आलं. “मावशी, तो कामावर होता. म्हणजे अंगावर कंपनीचा गणवेश. तो तुम्ही कधी माझ्याकडे टाकलाच नाहीत.”

“तो मी घरी धुते. कंपनीचा कपडा, एकच जोड. तुझ्याकडे टाकून तुझ्या नवऱ्याने घालायचा, नाही का!” मावशी हे बोलून गेली आणि एकदम रडायला लागली, आणि रडता रडताच बोलत राहिली. “त्या सकाळी गळ्याशी बटण तुटलं होतं. राखाडी दोरा घरात नव्हता. मी लाल दोऱ्याने लावून दिलं. तो म्हणाला, आई, लोक हसतील. मी म्हटलं, तिकीट घेताना कॉलर कोण बघतं? निळी कॉलर पाहिली तेव्हा वाटलं, लाजून तिथे ठेवलेला दुसरा शर्ट घातला असेल.”

गेले वीस दिवस कडकबाईला कशाचंच काही वाटत नव्हतं. आता तिने भिंत धरली.

“मी बघते,” ती म्हणाली. “मावशी, कॉलर मी बघते. चला.”

दोघी माळावर गेल्या. ऊन कलायला लागलं होतं. खाली शाळेत कुणीतरी शेवटी घंटा दिली, मावशीसारखी नाही, नुसतीच ठोकली. फळ्या ओळीने होत्या, त्यांवर खडूने लिहिलेले नंबर दवाने पुसट झालेले. एकोणीस नंबरच्या कडेची माती बसून बसून गुळगुळीत झाली होती. कडकबाईने बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. कॉलर राखाडी होती, बटण लाल दोऱ्याचं होतं, आणि ती म्हणाली होती, माझा दोरा नाही तो.

मावशी खाली बसली. मातीवरून तिने हात फिरवला, झोपलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग ती म्हणाली, “इतके दिवस एकटा होता गं पोर. मी तिकडे दुसऱ्याशीच बोलत बसले. इथे कुणीच नव्हतं त्याच्यापाशी.”

“होतं,” कडकबाई म्हणाली. “मी होते. रोज संध्याकाळी.”

मावशीने वर पाहिलं. मग त्या गुळगुळीत झालेल्या जागेकडे पाहिलं, जिथे आता ती स्वतः बसली होती.

“काय बोलायचीस त्याच्याशी?”

“शिव्या द्यायचे. आमच्या ह्यांना द्यायच्या राहिल्या होत्या, त्या सगळ्या ह्याला ऐकवल्या. लाटा बघायला कशाला गेलास, हाक मारून का गेलास, माझ्या वळायची वाट का नाही बघितलीस. रोज तेच.”

“ऐकून घेतल्या असतील,” मावशी म्हणाली. “मुकाट ऐकून घ्यायचा तो. मी तुझ्या नवऱ्याला रोज विचारायचे, जेवलास का रे.”

हे ऐकलं आणि कडकबाईचा बांध फुटला. पंचवीस वर्षांत जावईबापूंना तिने हे एकदाही विचारलं नव्हतं, नुसतं ताट वाढलं होतं. ती तिथेच मातीत बसून, आवाज काढून, नाक वाहेपर्यंत रडली. मावशीने तिला पदर दिला नाही, जवळ घेतलं नाही. तिचा एक हात मुलावर होता. दुसरा तिने कडकबाईच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

सूर्य टेकला तेव्हा मावशी म्हणाली, “जा आता. तोही वाट बघत असेल.”

कडकबाई उठली, तिने तोंड पुसलं. दोन पावलं गेली तोच मागून मावशीची हाक आली.

“आणि त्याला सांग,” मावशी म्हणाली, “शर्ट परत करायचा नाही.”

कडकबाईने मान हलवली. मग ती आठ फळ्या ओलांडून सत्तावीस नंबरपाशी गेली आणि बसली.